चार्जरवरचे शिक्के

आमचं घर आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डोंगरात. भात, नाचणी, थोडी वरई. कणगीतलं धान्य शिमग्यापर्यंत पुरलं तर ते वर्ष चांगलं. बहुतेक वर्षं ते पुरत नसे. म्हणून भाताची झोडणी झाली की आई आणि आबा मला आजीकडे ठेवून खाली जुन्नरच्या पूर्व भागात कामाला जात. निमगाव सावाला एका बागायतदाराच्या मळ्यात त्यांना पत्र्याची खोली मिळायची. आई टोमॅटो तोडायची, आबा औषध मारायचे.

पाठीवरच्या हातपंपाने दिवसभर औषध मारणं म्हणजे काय, हे ते केलेल्यालाच कळतं. सोळा लिटरचं ओझं पाठीवर. डाव्या हाताने दांडा सतत वर-खाली करायचा, उजव्या हातात गन धरून अंगठ्याने खटका दाबायचा. टाकीच्या झाकणातून औषध पाझरायचं आणि पाठ भिजायची. आबांच्या दोन्ही खांद्यांवरची कातडी जुवाखालच्या बैलासारखी जाड झाली होती. चाळिशीतच त्यांचा डावा खांदा गेला. तो हात छातीच्या वर जाईना. सदरा घालताना आई बाही धरायची.

मी बारावीला असताना आबांनी बॅटरीचा पंप घेतला. दांडा मारायचा नाही, बटण दाबलं की फवारा सुरू. पहिल्या दिवशी काम करून आले आणि म्हणाले, "डाव्या हाताला कामच नाय राव. मोकळाच लोंबतोय. कसंतरीच वाटतंय." आमच्या घरात सुख म्हणतात तसं जे काही आलं, ते त्या पंपाबरोबर आलं.

मग मी बी.एस्सी. झाले. फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं आणि पोरगी तर नव्हतीच नव्हती. हे मी अभिमानाने सांगते. डोंगरातून रोज दोन एसट्या बदलून कॉलेजला गेले, रेक्टरची बोलणी न खाता गेले कारण हॉस्टेल परवडत नव्हतं, आणि पहिल्या फटक्यात पास झाले. त्यानंतर घरात कुठलाही कागद आला, औषधाची बाटली आली, कसलं खोकं आलं, की आबा ते माझ्यापुढे धरायचे. "बघ, तू शिकल्याली." मी बघायचे आणि सांगायचे. माहीत नसलं तरी सांगायचे. हे आज लिहिताना कठीण जातंय, पण तेव्हा तसंच होतं.

आमच्याकडे कागदाची किंमत शिक्क्यांवर ठरते. तलाठ्याचा एकच शिक्का असला तर कागद कच्चा. मंडल अधिकाऱ्याचा पडला की जरा बरा. तहसील कचेरीचा गोल शिक्का उमटला की पक्का, मग त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी आबांनी घोडेगावला किती खेपा घातल्या त्याचा हिशोब नाही. दाखला घरी आला तेव्हा आईने अक्षरांकडे बघितलंसुद्धा नाही. बोटाने शिक्के मोजले आणि म्हणाली, "लई हैत. आता कोण अडवत नाय." मीही त्याच घरात वाढले. शिक्का जास्त म्हणजे वस्तू पक्की, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते अंगातच होतं.

पंपाबरोबर आलेला चार्जर चार हंगाम चालून बंद पडला. मी तेव्हा मळ्यावर आले होते. बाजारच्या दिवशी आम्ही बेल्ह्याला गेलो. जनावरांच्या बाजाराच्या कडेला टेम्पोवाले ताडपत्री टाकून बसतात. बॅटऱ्या, बल्ब, चार्जर, पाणी तापवायचे रॉड. त्यातल्या एकाकडे पंपाचे चार्जर होते. त्याने एक साधा काळा चार्जर काढून आबांच्या हातात दिला. अंगावर बारीक अक्षरांची एक पट्टी, बाकी काही नाही.

"दुसरा दाखवा की," मी म्हणाले.

त्याने दुसरा काढला. हा चकचकीत. मागे निळ्या अक्षरांत सीई लिहिलेलं, त्याच्या शेजारी चाकाच्या कचरापेटीवर फुली, चौकोनात चौकोन, एक पान, एक घर, एक पेला. एवढीशी वस्तू आणि जागाच उरली नव्हती.

आबांनी दोन्ही माझ्यापुढे धरले. "बघ बाई."

बाजूला दोन-चार गिऱ्हाइकं उभी होती. मी चकचकीत चार्जर उलटा करून मोठ्याने सांगितलं, "हा घ्या. यावर युरोपचा शिक्का आहे. आणि ही कचरापेटीवर फुली म्हणजे हा फेकून द्यावा लागत नाही, टिकाऊ आहे."

"शिकल्याल्या दिसत्यात ताई," एक म्हातारा म्हणाला.

"बी.एस्सी. हाय," आबा म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

त्या म्हाताऱ्याने पण तसलाच घेतला.

चार्जर चार महिने चालला. मग एक दिवस सकाळी अकराला शेतीची लाईट आली. आबांनी पंप रिकामा केला होता, हात धुतले होते, पाय ओल्या मातीत होते. खोलीच्या दारात चार्जर लावून त्याची पिन पंपात घालायला गेले आणि पिनेतच करंट होता. हात मिटला तो सुटेना. आवाजही निघेना. आई चुलीपाशी होती, तिने वळून बघितलं तर आबा उभ्या उभ्या थरथरत होते. तिने बांबूची वाळकी काठी घेऊन त्यांच्या मनगटावर घातली, दोनदा. दुसऱ्या तडाख्याला पिन सुटली.

वाचले. सगळे हेच म्हणतात, वाचले हे नशीब. पण करंट आतून जाळतो. वरून काळा ठिपका दिसतो आणि आत मांस मेलेलं असतं. पुण्याच्या दवाखान्यात उजव्या हाताची तर्जनी काढावी लागली. अंगठा राहिला, पण आखडून तळव्याकडे वळला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. आई कणकेचा गोळा द्यायची, आबा तो दाबत बसायचे. गोळ्यावर तीन बोटांचे ठसे उमटायचे, अंगठ्याचा नाही. दोन महिन्यांनी गन हातात देऊन बघितली. खटका दबेना. डाव्या हाताने धरली तर हात उचलेना, तो खांदा हातपंपाने आधीच खाल्लेला. आबांनी गन खाली ठेवली आणि म्हणाले, "बघू पुढच्या हंगामाला." पुढच्या हंगामाला काय बघायचं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तो चार्जर मी पिशवीत घालून कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांकडे नेला. सरांनी स्क्रू काढून तो उघडला. मग पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "ही बाजू घरातल्या लाईटची. ही बाजू पिनेची. यांच्यामध्ये अंतर हवं, वेष्टण हवं. इथे दोन्ही तारा एकमेकींना टेकल्यात. मध्ये कागदसुद्धा नाही."

"पण सर, वर सीई आहे."

"सीई कोण देतं?"

"युरोप."

"कोणीही देत नाही. अशा वस्तूवर कंपनीच ते छापते. आमचा माल युरोपचे नियम पाळतो, असं तिचं तिनेच म्हणायचं. खरी कंपनी असेल तर तिच्याकडे चाचणीचे कागद असतात. यावर कंपनीचं नाव तरी आहे का?"

नव्हतं. एवढे शिक्के आणि नाव नाही, हे मी बघितलंच नव्हतं.

"कचरापेटीवर फुली म्हणजे घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. टिकाऊपणाशी संबंध नाही. आणि हा चौकोनात चौकोन." सरांनी त्यावर पेन्सिल टेकवली. "याचा अर्थ आत दुहेरी वेष्टण आहे."

दुहेरी. आत एकेरीही नव्हतं.

सरांनी कापसाचा बोळा पाण्यात भिजवून त्या निळ्या अक्षरांवर घासला. सीईचा निळा डाग झाला. "खरी खूण अशी जात नाही," म्हणाले. मग आपल्या लॅपटॉपचा अडॅप्टर काढून दिला. वर आयएस आणि पुढे आकडे, मध्ये भारतीय मानकाचं चिन्ह, खाली आर आणि त्यापुढे आठ आकडे. ते आठ आकडे सरकारच्या ॲपमध्ये टाकले तर कंपनीचं नाव, वस्तूचं नाव सगळं समोर आलं. इस्त्री, पाण्याचा रॉड यांना आयएसआय असतो आणि त्याच्याजवळ लायसनचा नंबर, तोही तसाच तपासता येतो. सगळं मिळून दहा मिनिटांचं शिक्षण.

"हे आम्हाला शिकवलं नाही सर कधी."

"सिलॅबसमध्ये नाही."

मला त्यांचा राग आला नाही असं लिहिणार होते. खोटं कशाला, आला. पण त्या साध्या काळ्या चार्जरवर बारीक अक्षरांची पट्टी होती आणि ती मी वाचली नव्हती. ते सिलॅबसचं काम नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही बेल्ह्याला गेलो. आबा नको म्हणत होते, मीच नेलं. त्यांनी उजव्या हातावर टॉवेल टाकला होता. टेम्पोवाला त्याच जागी बसला होता. मी चार्जर पुढे केला.

"हा तुमच्याकडून नेला होता. बघा काय झालं ते."

त्याने हातात घेतला नाही. "असले चार्जर सगळीकडं मिळत्यात. पावती दाखवा."

"तुम्ही पावती देता का कधी?"

"मागतंय कोण, ताई?" मग तो माझ्याकडे नीट बघायला लागला. "आता वळाकलं. तुमीच ना त्या, युरोपचा शिक्का म्हणणाऱ्या? मी तर पयला काळा काढून दिल्ता. तुमीच म्हणाल्या, दुसरा दाखवा. विचारा ह्या पावण्यांना."

तो खरं बोलत होता.

आबा म्हणाले, "चल." एसटीने आळेफाट्यापर्यंत आलो. उतरल्यावर म्हणाले, "हात वला व्हता माझा. त्येच्यानं झालं. कोण काय म्हणलं तर ह्येच सांगायचं."

मी तक्रारही केली. सरकारच्या त्याच ॲपवरून, फोटो जोडून, नीट मुद्दे घालून. उत्तर आलं की वस्तूचा नोंदणी क्रमांक कळवावा. तो नव्हता म्हणून तर तक्रार होती. मी तसं लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं, शब्द न शब्द तेच. तिसऱ्यांदा मी लिहिलं नाही.

मग मी गावातल्या वस्तू बघायला लागले. ज्याच्या घरी जाईन तिथला चार्जर उलटा करायचा, रॉडचा नंबर तपासायचा. बहुतेक ठिकाणी काहीच नसे. काही ठिकाणी आर नंबर असे आणि ॲपमध्ये टाकला की दुसऱ्याच कंपनीची दुसरीच वस्तू निघे. लोक ऐकून घेत आणि पुन्हा तेच वापरत. "चालतंय ना, मंग?" दुकानात खुणेचा मिळतो म्हणावं तर दुकान मंचरला आणि ताडपत्रीवाले टेम्पो घेऊन दारात. पहाटेच्या अंधारात शाळेत जाणाऱ्या पोरांच्या हातातल्या चार्जिंगच्या बॅटऱ्या बघितल्या तेव्हा एक चुलती म्हणाली, "रानात बिबट्या आडवा आला तर त्याला काय दाखवू, तुझा आर नंबर?" सगळे हसले. मीही हसले. मला बघितलं की पोरं ओरडायची, "आली शिक्केवाली, झाका चार्जर." मी जाणं कमी केलं.

त्या दिवाळीनंतर आबांनी पंप विकला. आमच्याच शेजारच्या वाडीतलं एक तरुण जोडपं निमगावच्या त्याच मळ्यात, त्याच खोलीत कामाला जाणार होतं. आबांनी पंप धुऊन, नोझल साफ करून दिला. चार्जर नव्हता, तो तुम्ही घ्या म्हणाले.

महिनाभराने त्या पोरीचा आईला फोन आला. आई फोन स्पीकरवर ठेवते, तिला कानाला धरून ऐकू येत नाही. आबा आणि मी तिथेच होतो.

"पंप झ्याक हाय मामी. चार्जर पण घेतला बेल्ह्यावरनं. मालकानी पण घेतले तसलेच तीन."

"तसलेच म्हंजी?"

"तुमच्यावाला, लई शिक्क्यांचा. मालक म्हणत व्हते, तुमच्या पोरीनं पसंत केल्याला. म्हणलं शिकल्याल्या माणसानं निवडल्याला बरा."

आईने आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. गावभर त्यांनी सांगितलं होतं की हात ओला होता. चार्जरबद्दल एक शब्द बोलले नव्हते, कारण चार्जरबद्दल बोललं की माझ्याबद्दल बोलावं लागलं असतं. मी घरोघर नंबर तपासत हिंडले, पण आबांचा हात मी निवडलेल्या चार्जरने गेला हे मीही कुठे सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं, ही शिकलेली आहे म्हणून सांगते आहे. माझी चूक झाकायला आबांनी पांघरूण घातलं होतं आणि त्या पांघरुणाखालून तोच चार्जर परत त्याच खोलीत गेला होता.

"चार्जर काढ भितीतनं," आबा फोनमध्ये म्हणाले. "आमी येईस्तवर लावू नको."

"का वो मामा?"

"काढ म्हणतो ना!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. मंचरला उतरून इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चार-पाच चार्जर पुढे टाकले, मी एकेकाचा नंबर तपासत बसले. त्यातले दोन परत केले तेव्हा तो म्हणाला, "ताई, लग्नाचं स्थळ बघताय का?" एकाचा नंबर, कंपनी, वस्तू सगळं जुळलं. तो घेतला.

मळ्यात पोचलो तेव्हा ते जोडपं आणि मालक बांधावर होते. मालक म्हणाला, "या पावणं. हात काय म्हणतोय?"

"हाय तसाच," आबा म्हणाले. आणि टॉवेल काढला. वर्षभरात पहिल्यांदा चारचौघांत काढला. त्या तरुण पोराने हाताकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"ह्ये वल्या हातानं नाय झालं," आबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. पुढचं मीच बोलायचं होतं.

मी म्हणाले, "तो चार्जर मी निवडला होता. त्यावर जे छापलं होतं त्यातलं मला काही कळत नव्हतं. कळतं असं दाखवलं. बाजारवाला आधी पट्टीवाला देत होता, ती पट्टी न वाचताच मी नको म्हणाले. माझ्यामुळे झालं."

मग मालक म्हणाला, "अगं, पण तू तर ग्रॅज्युएट."

"हो," मी म्हणाले.

त्या पोरीला वाचता येत नव्हतं. तिला मी नवा चार्जर उलटा करून दाखवला. हे चिन्ह, त्याच्या खाली हे अक्षर, पुढे आकडे मोज, आठ भरायला हवेत. आणि आठ भरले तरी मला फोन करून नंबर सांगायचा. तिने बोट ठेवून मोजले. दुसऱ्यांदा मोजले. मालकाला ॲप त्याच्या फोनमध्ये टाकून दिलं. तो म्हणाला, माझे तीन तर नवेकोरे आहेत. आबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "बरं," मालक म्हणाला, "आणतो."

तो लगेच आणेल असं मला वाटलं नव्हतं आणि त्याने लगेच आणलेही नाहीत. तीन आठवडे मी रोज फोन केला. पाचव्या-सहाव्या फोनपासून तो उचलेना, तेव्हा त्या पोरीला करायचे आणि ती जाऊन त्याच्यापुढे उभी राहायची.

बेल्ह्याच्या बाजारात ती ताडपत्री अजून आहे. त्या म्हाताऱ्याने माझं ऐकून तसलाच चार्जर नेला होता. तो कुठल्या गावचा, त्याचं काय झालं, मला माहीत नाही. दोन बाजार मी त्याला शोधत उभी राहिले, पण चेहरा नीट आठवत नाही. आबांनी त्यानंतर औषध मारलेलं नाही आणि मारणार नाहीत. अंगठा तसाच आहे. आता ते वर डोंगरातच असतात, आई एकटी खाली कामाला जाते. मी एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला लागले आहे, ठेकेदाराकडून.

त्या मळ्यात चार पंप आहेत. चारही चार्जर बदलले. चारही नंबर मी स्वतः तपासले, ते खरे आहेत.